उजवी टाच : प्रकल्प नोंदी

११ मार्च २०२४

कारखान्यात मशीन बंद पडलं की आम्ही ब्रेकडाऊन रजिस्टर उघडतो. तारीख, लक्षण, कारण, काय केलं, किती वेळ गेला. अठरा वर्षं मी हे लिहितोय. उजवी टाच मात्र दिवाळीपासून दुखते आहे आणि तिच्याबद्दल एक ओळ कुठे लिहिलेली नाही. उद्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून, तर "झाले असतील तीन-चार महिने" यापलीकडे मला सांगता येणार नाही. म्हणून ही वही.

माहिती : वय ४३, वजन ८६ किलो. भोसरी एमआयडीसीत व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनचा, सेटर. आठ तास उभ्याचं काम, ओव्हरटाइम असला की बारा. पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज, खाली काँक्रीट.

लक्षण : सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकलं की टाचेखाली, आतल्या बाजूला खिळा शिरल्यासारखी कळ. दहा-बारा पावलं भिंतीला धरून चाललं की उतरते. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बसून उठलो की पुन्हा तेच. पाळी संपेपर्यंत नुसता ठणका.

मोजमाप रोज एकच : सकाळच्या पहिल्या पावलाची कळ, शून्य ते दहा. आज ८.

१४ मार्च

गुरुवार, सुट्टी. दवाखान्यात दोन तास बसलो, आत दोन मिनिटं. बूट काढायलाही सांगितलं नाही. एक्स-रे काढून आणला, त्यावर बोट ठेवून म्हणाले, हाड वाढलंय. दहा दिवसांच्या गोळ्या. वाढलेलं हाड म्हणजे आता काटा आतून मांसात रुततो आहे, असंच चित्र डोक्यात घेऊन घरी आलो. रात्रभर तेच दिसत होतं.

२५ मार्च

गोळ्या संपल्या. दुपारी थोडं बरं वाटायचं, सकाळची कळ ८ ची ७ झाली आणि परत ८. पोटात जळजळ सुरू झाली ती वेगळी. पुन्हा त्याच गोळ्या घेणार नाही.

२ एप्रिल

आई जुन्नरहून आली. मला भिंत धरून न्हाणीघराकडे जाताना पाहिलं आणि काही बोलली नाही. संध्याकाळी कुठून तरी रुईची पानं घेऊन आली. गॅसवर वीट तापवली, तिच्यावर पानं पसरली, वर जुनं फडकं, आणि म्हणाली, "दाब टाच. सोसेल तेवढंच." अर्धा तास फार बरं वाटलं. शेकाने सैल पडतं, हे खरं. सकाळी मात्र ७.

शेकताना ती सहज बोलून गेली, "माझीपण धरायची की रे. कांद्याच्या लागणीला पहाटे उठायचं, तर पहिलं पाऊल टाकवायचं नाही." किती वर्षं, विचारलं. "असतील सात-आठ." मी त्याच घरात होतो. मला कधी कळलं नाही.

११ एप्रिल

पाडव्याची गडबड उरकून दुसऱ्या डॉक्टरांकडे, हाडांच्या तज्ज्ञांकडे गेलो. सोबत ही वही नेली. त्यांनी ती पूर्ण वाचली, मग दोन्ही बूट आणि मोजे काढायला लावले. त्यांनी काय काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण तपासणी अशी असते हे मला आजच कळलं.

टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून जोरात दाबली. दुखलं नाही. हाडाला बारीक तडा असता तर इथे ओरडला असतात, म्हणाले. घोट्याच्या आतल्या बाजूला बोटाने टकटक केलं, मुंग्या येतात का पाहिलं. नाही, म्हणजे तिथली नस दबलेली नाही. मग माझ्या पायाचा अंगठा वरच्या बाजूला वाकवला आणि टाचेच्या आतल्या कडेला हाताच्या अंगठ्याने दाब दिला. तिथे मी टेबलावरून उठलोच. कंबर सकाळी आखडते का, रात्री झोपेतून जाग येते का, घरात कुणाला संधिवात आहे का, हेही विचारलं. काही वाताच्या आजारांत सुरुवात टाचेपासून होते. साखर, युरिक अॅसिड आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगितलं.

निदान : प्लांटर फॅशियायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याला एक जाड, चिवट पट्टी असते, तिचं टाचेकडचं टोक बिघडलं आहे. वाढलेल्या हाडाबद्दल मी मुद्दाम विचारलं. त्यांचं उत्तर : ज्यांना कधीच टाचदुखी झाली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत ते हाड दिसतं, आणि हाड तसंच राहून दुखणं बरं होतं. मग महिनाभर मी भ्यायलो कशाला?

सांगितलेलं काम : उठण्याआधी पलंगावरच पाय मांडीवर घेऊन बोटं मागे ओढायची, दहा सेकंद, दहा वेळा, असं दिवसातून तीनदा. पोटरीचा ताण. घरातल्या फरशीवर अनवाणी चालायचं नाही, मऊ तळाची चप्पल. बूट बदलायचे. बहुतेकांचं वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरं होतं, पण "वर्षभरात" हा शब्द नीट ऐका, म्हणाले.

१३ एप्रिल

जुने सेफ्टी शूज टेबलावर घेऊन व्हर्नियरने मोजले. उजव्या बुटाच्या टाचेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ४ मिलिमीटरने जास्त झिजलेली. आतली गादी बोटाने दाबली तर दबतच नाही, पुठ्ठा झालाय. एवढ्या फरकाने फिक्श्चर, म्हणजे मशीनवर जॉब पकडायचं साधन, तिरकं असतं तर मी जॉब लावलाच नसता. नवीन जोडीसाठी स्टोअरला चिठ्ठी दिली. आत घालायला सिलिकॉनचे हील कप घेतले.

चपलेचं घरात अवघड आहे. एमसीआरची, म्हणजे मऊ रबरी तळाच्या चपलांची, जोडी आणली. आईचं म्हणणं, ओट्याजवळ चप्पल नको. तिचं चूक म्हणवत नाही, आम्ही सगळे तसेच वाढलो.

१५ एप्रिल

सकाळी पाहतो तर आईने त्या चपलांच्या पट्ट्यांवर पिवळ्या दोऱ्याने दोन टाके घालून ठेवलेत. "ही घरातली. बाहेर न्यायची नाही. देवापुढे काढायची." काल बाहेर चुकून घातली होती, ती घासून, वाळवून ठेवली होती.

कळ ७.

२९ एप्रिल

तपासण्या : साखर ठीक, युरिक अॅसिड ठीक, ड जीवनसत्त्व कमी. त्याचा डोस सुरू.

ताणाचा व्यायाम पहिले नऊ दिवस केला. मग पाळी बदलली, रात्रपाळीच्या आठवड्यात सुटला तो सुटलाच. हे लिहून ठेवायला हवं. कळ ७.

९ मे

मे महिन्याचं डिस्पॅच डोक्यावर आहे. इंजेक्शन द्या म्हणून मीच मागितलं. डॉक्टरांनी आधी बसवून समजावलं : स्टेरॉइडने साधारण महिनाभर आराम पडतो, त्यापुढे त्याचा फार उपयोग दिसत नाही. पट्टी फाटण्याचा थोडा धोका असतो, टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते, म्हणून वारंवार देत नाहीत. त्या महिन्यात पाय जपून वापरायचा आणि व्यायाम सुरू ठेवायचा, या अटीवर दिलं. टोचताना डोळ्यांत पाणी आलं.

१३ मे

कळ २. सहा महिन्यांत पहिल्यांदा न्हाणीघरापर्यंत भिंत न धरता गेलो. बायको दारात उभी राहून बघत होती.

२० जून

महिनाभर नोंद नाही, कारण दुखत नव्हतं. आणि दुखत नव्हतं म्हणून मी तीन आठवड्यांत अकरा ओव्हरटाइम केले. व्यायाम शून्य. गेल्या शनिवारी पॅलेट ढकलताना टाचेत सणक गेली. आज सकाळी ८.

अलार्म वाजतोय म्हणून अलार्मची वायर काढली आणि मशीन पूर्ण वेगाने चालवलं, असं मी केलंय. मशीनवर कुणी असं केलं असतं तर मी त्याला शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या दालनात, उभं केलं नसतं.

२९ जून

पहिली पाळी करून आकुर्डीला गेलो. तुकोबांची पालखी मुक्कामी आली होती. रस्त्याच्या कडेला एका मंडळाची मुलं वारकऱ्यांच्या पायांना तेल लावत होती. पुढे दोन चांभार वहाणा शिवून देत होते, पैसे घेत नव्हते. मी कठड्यावर टेकलो. शेजारी एक सत्तरीच्या आजी, डोक्यावरची तुळस मांडीवर घेऊन बसलेल्या. माझा पाय धरून बसणं त्यांनी पाहिलं. "टाच का?" म्हणाल्या. त्यांचीही होती, चार वर्षांपूर्वी. वारीच्या आधी दोन महिने रोज पहाटे चालायला सुरुवात करतात, आधी देवळापर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग वेशीपर्यंत. "एकदम पंढरपूर नसतं बाबा."

घरी येऊन लगेच लिहितोय, विसरायला नको.

४ जुलै

फिजिओथेरपिस्टकडे पहिला दिवस. वयाने माझ्या भाचीएवढी मुलगी, मला काका म्हणते, पण हातात कसब आहे. आधी तिने तळव्याला चिकटपट्टी ओढून बांधली आणि चालायला लावलं. निम्मी कळ तिथल्या तिथे गेली. पट्टीचा ताण टेपने उचलला तर दुखणं कमी होतं, म्हणजे बिघाड कुठे आहे ते नक्की झालं. टेप दोन-तीन दिवसांत सैल होते, तो उपाय नव्हे, हेही तिने सांगितलं.

मग तिने कागदावर पाय काढून दाखवला. तळव्याची पट्टी बोटांच्या मुळाशी हाडांच्या गोल डोक्यांखालून पुढे जाते. बोटं वर वाकली की पट्टी त्या गोलाव्यावर गुंडाळली जाते, टाच आणि बोटं जवळ ओढली जातात, पायाची कमान उचलली जाते. जे. एच. हिक्स नावाच्या शरीररचनेच्या अभ्यासकाने १९५४ साली हे मांडलं आणि त्याला विंडलास, म्हणजे दोर गुंडाळून वजन उचलायचं चाक, असं नाव दिलं. मी म्हटलं, विहिरीवरचा रहाट. ती म्हणाली, अगदी तोच.

म्हणजे चालताना प्रत्येक पावलाला, टाच उचलली की हा रहाट फिरतो. दिवसाला काही हजार वेळा. आणि दोराचं एक टोक माझ्या टाचेच्या हाडाला बांधलेलं आहे. सात-आठ महिन्यांत कुणी हे मला दाखवलं असतं तर मी गोळ्यांच्या मागे लागलो नसतो.

गोळ्या का चालल्या नाहीत, तेही सांगितलं. नावात 'आयटिस', म्हणजे सूज, असली तरी जुन्या दुखण्यात ती नसते. २००३ साली शस्त्रक्रियेत काढलेले पट्टीचे पन्नास नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. सुजेच्या खुणा नव्हत्या, धागे झिजून विस्कटलेले होते. झिजलेल्या दोराला सूज उतरवायची गोळी देऊन काय होणार? त्याला बळकट व्हायला लावायला हवं, आणि बळकट व्हायला त्याच्यावर भारच हवा, पण मोजून.

व्यायाम : पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी, म्हणजे बोटं वर वाकलेली राहतात आणि रहाट ताणलेला राहतो. टाच वर न्यायला ३ सेकंद, वर २ सेकंद थांबायचं, खाली यायला ३. दिवसाआड. आधी १२ वेळा असे ३ फेरे, दोन आठवड्यांनी वजन वाढवून १० वेळा असे ४, पुढे ८ वेळा असे ५. ही पद्धत डेन्मार्कमधल्या ४८ रुग्णांवर तपासलेली आहे. नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा हे करणारे तीन महिन्यांनी स्पष्टपणे पुढे होते. वर्षाअखेरीला दोन्ही गट सारखेच झाले, हेही तिने लपवलं नाही. मला ते तीन महिने हवे आहेत.

दुखण्याचा नियम : व्यायाम करताना कळ ४-५ पर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त असेल तर भार कमी करायचा, बंद नाही करायचा.

६ जुलै

पहिला प्रयत्न, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. एका पायावर चार वेळा झालं आणि पोटरी थरथरली. दोन्ही पायांवर १२ चे ३ फेरे केले. माझी मुलगी मोबाइलवर सेकंद मोजत होती, तीन म्हणजे तीनच, सोडत नाही.

७ जुलै : कळ ७. वाढली नाही.

१४ जुलै

जिन्यावर येणारे-जाणारे थांबतात, विचारतात. लाकडाच्या वखारीतून सागाचा तुकडा आणून ठोकळा केला. वर घसरू नये म्हणून रबर चिकटवलं. आता घरातच, भिंतीला बोटं टेकून.

२२ जुलै

कळ ६. एका पायावर १२ पूर्ण.

३ ऑगस्ट

आता मशीनसमोरची जागा. आमच्या लाइनवरच्या प्रत्येकाला विचारलं. बावीस जणांत नऊ जण टाच किंवा गुडघा म्हणाले. कुणीही कुठे नोंदवलेलं नाही. मी सुपरवायझरकडे रबरी मॅटचं बोललो. "तुझ्याच पायाला काँक्रीट लागतं का?" हे वाक्य मला लागलं. बाकी आठ जणांची नावं मी त्यांना सांगितली नाहीत, कारण त्यांनी विश्वासाने सांगितलं होतं.

१० ऑगस्ट

मुलांच्या खेळायच्या फोमच्या गाद्या घरून नेऊन टाकल्या. चार दिवसांत कूलंट (मशीन थंड ठेवायचं द्रव) खाली शिरलं, गादी सरकायला लागली, धातूच्या चिप्स रुतल्या. काल एक ट्रेनी पोरगा त्यावर घसरला, मशीनचा दरवाजा हाताला आला म्हणून वाचला. लगेच काढल्या. ही चूक माझी, मी न विचारता टाकल्या होत्या. तेल-कूलंट सोसणारं नायट्राइल रबर हवं, खाली गळून जायला भोकं हवीत आणि कडा उतरत्या हव्यात, नाहीतर पाय अडखळेल.

२२ ऑगस्ट

कळ ४. हे लिहिताना हात थांबला. पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ, १० चे ४ फेरे.

रात्री पाय काटकोनात धरणारी पट्टी आठवडाभर लावून पाहिली. उकाड्याने झोप लागेना. सोडून दिली. काहींना तिचा उपयोग होतो म्हणे.

शेजारचे काका अग्निकर्मासाठी, म्हणजे तापलेल्या सळईने डाग घ्यायला, वैद्यांकडे चल म्हणतात. सुश्रुतसंहितेत या दुखण्याचं वातकंटक असं वर्णन आहे, त्यांना स्वतःला गुण आलाय. मी नाही म्हटलं, कारण एका वेळी एकच बदल करायचा हा माझा मशीनवरचाही नियम आहे. दोन केले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन. मंडळाच्या मिरवणुकीत पाच तास अनवाणी चाललो. गणपतीपुढे चप्पल घालवेना. आज सकाळी ७.

बसून रडावंसं वाटलं. दहा आठवडे.

१९ सप्टेंबर

फिजिओकडे गेलो. ती रागावली नाही. तिने वही मागून घेतली आणि जुलैची पानं उघडली : तेव्हा ७ असताना एका पायावर चार व्हायचे. मग तिने इथे, तिच्यासमोर करायला लावलं. तांदळाविना १२ झाले. कळ तीच, पण पाय तो नाही. आठवडाभर वजन काढायचं, फेरे तेच ठेवायचे.

२७ सप्टेंबर : कळ ४.

१२ ऑक्टोबर

दसरा. काल खंडेनवमीला शॉपमध्ये मशीन धुऊन, झेंडू बांधून पूजा झाली. साहेब फेरीला आले तेव्हा सेफ्टी कमिटीच्या कामगार प्रतिनिधीने विषय काढला. मी दोन कागद पुढे केले. एक, माझ्या मशीनची सायकल, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ : सहा मिनिटं वीस सेकंद, त्यात माझे हात लागतात दोन मिनिटं, उरलेली चार मिनिटं वीस सेकंद मी दरवाजासमोर नुसता उभा. दोन, कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ४४ : ज्यांना उभ्याने काम करावं लागतं त्यांना कामाच्या ओघात विसावा मिळेल तेव्हा बसता यावं, यासाठी योग्य सोय कारखान्याने ठेवायची. मी आवाज चढवला नाही. साहेबांनी कलम दोनदा वाचलं.

८ नोव्हेंबर

तीन मशीनसमोर भोकांच्या रबरी मॅट आणि तीन उंच स्टूल, चाचणी म्हणून. स्टुलाला पाय टेकवायची कडी मेंटेनन्सवाल्यांनी वेल्ड करून दिली. पहिल्याच दिवशी चार मिनिटांत चार वेळा उठलो, बसायची सवयच नाही. बसलेला माणूस म्हणजे कामचुकार, असंच अठरा वर्षं बघत आलो होतो, दुसऱ्यांकडेही.

कळ २. वजन ८१ किलो.

५ डिसेंबर

हाडांच्या डॉक्टरांकडे तपासणी. अंगठा वाकवून तिथेच दाबलं. दाब कळला, कळ नाही. शॉकवेव्हचा, म्हणजे टाचेवर ध्वनिलहरींचे धक्के द्यायच्या उपचाराचा, विषय आता नको म्हणाले. व्यायाम आठवड्यातून दोनदा सुरू ठेवायचा, बूट झिजले की बदलायचे.

संध्याकाळी आईला फोन केला. तिच्यासाठी एमसीआरची जोडी घेऊन ठेवली आहे, पिवळे टाके मुलीने घातलेत. आई म्हणाली, आता या वयात कशाला. मी म्हटलं, पहाटेचं पहिलं पाऊल कसं पडतं ते सांग आधी. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आण."

१६ जानेवारी २०२५

कळ ०. गेले नऊ दिवस ० किंवा १. दहा किलोवर ८ चे ५ फेरे.

उरलेल्या मशीनच्या मॅटची ऑर्डर गेली. वॉशिंग विभागातल्या ताई काल जेवणाच्या सुट्टीत आल्या. डावी टाच, गेले पाच महिने, सकाळी पहिल्या पावलाला. तिकडे मॅट नाही, खाली सतत पाणी. त्यांना वही दिली आहे, आणि आधी डॉक्टरांकडून टाच नीट तपासून घ्यायला सांगितलंय.

ठोकळा क्रमांक २ : लांबी ३५० मिमी, रुंदी २५०, उंची १००. कडा गोल करणे. वर रबर, खालीही रबर. रविवारपर्यंत.